वेळेवर पोहोचणारा शब्द: वाचा गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदू-संगणक दुव्याचा प्रकरण अभ्यास

२०२३ च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे, यूसी डेव्हिस हेल्थ या संस्थेत, ४५ वर्षांच्या एका पुरुषाच्या मेंदूत चार अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड-संच बसवण्यात आले. ‘ब्रेनगेट २’ या दीर्घकाळ चाललेल्या वैद्यकीय चाचणीत त्यांची नोंद ‘टी १५’ अशी आहे आणि या लेखातही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. त्यांच्यावर झालेल्या कामाचे दोन प्रमुख अहवाल प्रसिद्ध झाले. पहिला ऑगस्ट २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि त्यात मेंदूतील संकेतांचे लेखी वाक्यांत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेची माहिती होती. दुसरा जून २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि त्यात त्याच संकेतांपासून थेट आवाज निर्माण करण्यात आला होता. माणूस तोच, इलेक्ट्रोड तेच, पण अभियांत्रिकीची उत्तरे दोन. अशी तुलना या क्षेत्रात फार क्वचित हाती लागते. वाचा परत देणाऱ्या उपकरणाचे मोल केवळ अचूकतेच्या टक्केवारीत मोजता येत नाही, शब्द किती वेळात बाहेर पडतो हेही तितकेच निर्णायक असते, असे माझे मत आहे आणि त्याला या प्रकरणाइतका स्पष्ट आधार दुसरीकडे आढळत नाही.

रुग्णाची स्थिती

एएलएस या आजारात स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी हळूहळू नष्ट होत जातात. हातपाय, जीभ, ओठ, स्वरयंत्र आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होतात. बहुसंख्य रुग्णांची आकलनशक्ती आणि भाषेची जाण मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहते. म्हणजे बोलायचे काय हे माणसाला पूर्ण ठाऊक असते, ते बोलण्यासाठी मेंदूतून आज्ञाही निघते, पण ती जिथे पोहोचायची तिथे पोहोचत नाही.

टी १५ यांच्यात या आजाराची लक्षणे सुरू होऊन पाच वर्षे झाली होती. चारही हातापायांत तीव्र अशक्तता होती. घशातून आवाज निघत असे, पण उच्चार इतके बिघडले होते की त्यांच्या बोलण्याची सवय असलेल्या व्यक्तीलाही मिनिटाला सहा-सात शब्दच नीट कळत. डोक्याच्या हालचालीवर चालणाऱ्या माऊसने पडद्यावरची अक्षरे निवडण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे होता आणि त्याचा वेगही जवळपास तेवढाच होता. इंग्रजीत सर्वसाधारण संभाषणाचा वेग मिनिटाला सुमारे १६० शब्दांचा असतो. या दोन वेगांमधले अंतर पाहिले, की अशा रुग्णाशी बोलणारी माणसे हळूहळू केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल एवढेच प्रश्न का विचारू लागतात, हे समजते. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. माणसाच्या वाट्याचे बोलणे मात्र त्यातूनच आटत जाते.

जागेची निवड

पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये, बोलण्याची क्षमता गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी करून, डाव्या अग्रखंडातील एका भागाचा वाचेशी संबंध जोडला. ब्रोका क्षेत्र म्हणून तो भाग पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आणि बोलणे तेथूनच चालते अशी सर्वसाधारण समजूत बनली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या कामात ‘टी १२’ या एएलएसग्रस्त महिलेच्या मेंदूत चार संच बसवले होते. त्यांपैकी दोन ब्रोका क्षेत्रात होते आणि दोन चेहरा, जीभ व जबड्याच्या हालचालींची आखणी करणाऱ्या भागात. ब्रोका क्षेत्रातील दोन संचांतून उच्चारांविषयी जवळजवळ काहीच उपयुक्त माहिती मिळाली नाही. प्रत्यक्ष काम उरलेल्या दोनच संचांवर, म्हणजे १२८ इलेक्ट्रोडांवर, झाले आणि तरीही मिनिटाला ६२ शब्दांचा वेग गाठता आला. त्यात १,२५,००० शब्दांच्या शब्दसंग्रहासह सुमारे २४ टक्के शब्द चुकत होते.

डेव्हिसच्या गटाने हा धडा नेमका उचलला. मज्जाशल्यचिकित्सक डेव्हिड ब्रँडमन यांनी टी १५ यांच्यासाठी चारही संच डाव्या अग्रमध्य वळीच्या खालच्या भागात, बोलण्याच्या हालचालींशी निगडित असलेल्या शेजारशेजारच्या क्षेत्रांत बसवले. शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय प्रतिमांवरून या रुग्णाच्या मेंदूचा वैयक्तिक नकाशा तयार करून जागा ठरवण्यात आल्या होत्या. कारण मेंदूच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि काही मिलिमीटरची चूकही महागात पडते. प्रत्येक संच सुमारे ३.२ मिलिमीटर लांबी-रुंदीचा असून त्यावर दीड मिलिमीटर लांबीच्या ६४ सुया असतात. अशा एकूण २५६ इलेक्ट्रोडांची टोके मेंदूच्या बाह्यपटलात शिरतात आणि आजूबाजूच्या मोजक्या चेतापेशींचे विद्युत्स्पंद टिपतात. तारा कवटीवर बसवलेल्या जोडण्यांपर्यंत येतात आणि तेथून केबलने संगणकाकडे जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण बातम्यांच्या मथळ्यांतून तो सतत पसरतो. ही यंत्रणा विचार वाचत नाही. टी १५ बोलण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न करतात, जीभ, ओठ आणि स्वरयंत्राला आज्ञा देतात, आणि त्या आज्ञांचे ठसे इलेक्ट्रोड टिपतात. स्नायू त्या आज्ञा पाळू शकत नाहीत, पण आज्ञा खरीखुरी असते. उपकरण ती मधल्या वाटेवरच उचलते.

पहिले दोन दिवस

शस्त्रक्रियेनंतर २५ दिवसांनी यंत्रणा प्रथमच सुरू करण्यात आली. पडद्यावर वाक्य दिसायचे, टी १५ ते म्हणण्याचा प्रयत्न करायचे आणि संगणक संकेत साठवायचा. अशी अवघी ३० मिनिटांची सामग्री आणि त्यानंतरची संगणकीय प्रक्रिया एवढ्यावर, ५० शब्दांच्या मर्यादित संग्रहासाठी, ९९.६ टक्के शब्द बरोबर उमटले. चाचणीचे एक प्रमुख संशोधक सर्गेई स्टाव्हिस्की यांनी नंतर सांगितले, की आपण म्हणू पाहत असलेले शब्द पडद्यावर बरोबर उमटताना पाहून टी १५ आनंदाने रडले आणि खोलीतील इतरांनाही अश्रू आवरले नाहीत.

५० शब्दांचा संग्रह म्हणजे अर्थातच खरी भाषा नव्हे. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एडवर्ड चँग यांच्या गटाने मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडांच्या साहाय्याने, मेंदूच्या आघातामुळे (स्ट्रोकमुळे) वाचा गेलेल्या एका पुरुषाला मिनिटाला सुमारे १५ शब्द मिळवून दिले होते, तेही ५० शब्दांच्याच चौकटीत. तो टप्पा ऐतिहासिक होता, पण चौकट अरुंद होती. टी १५ यांच्या बाबतीत दुसऱ्याच दिवशी, आणखी १.४ तासांच्या सरावानंतर, शब्दसंग्रह १,२५,००० पर्यंत वाढवण्यात आला आणि तरीही अचूकता ९०.२ टक्के राहिली. पुढे सामग्री वाढत गेली तशी ती ९७.५ टक्क्यांवर पोहोचली आणि रोपणानंतर ८.४ महिन्यांपर्यंत टिकून राहिली. या काळात टी १५ यांनी २४८ तासांहून अधिक वेळ स्वतःच्या मनाने, म्हणजे कोणी वाक्य न देता, संभाषणासाठी उपकरण वापरले. त्यांचा वेग मिनिटाला सुमारे ३२ शब्द होता.

हा वेग टी १२ यांच्या ६२ शब्दांपेक्षा कमी आहे हे खरे. पण पडद्यावर दिलेले वाक्य उच्चारणे आणि स्वतःचे वाक्य मनात जुळवून बोलणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दर चार शब्दांतला एक चुकणारे वेगवान वाक्य ऐकणाऱ्याला कोड्यासारखे सोडवावे लागते. माझ्या दृष्टीने येथे अचूकतेतील वाढ वेगापेक्षा मोलाची होती.

अचूकता कुठून आली

यंत्रणेचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना, दर ८० मिलिसेकंदांना अंदाज बांधते, की या क्षणी इंग्रजीतील ३९ स्वनिमांपैकी कोणत्या स्वनिमाचा प्रयत्न होत असण्याची शक्यता किती आहे. स्वनिम ही भाषेतील अर्थभेद घडवणाऱ्या ध्वनीची सर्वांत लहान एकके. त्यामुळे शब्द लाख असले तरी मेंदूकडून ओळखायच्या गोष्टी चाळीसच्या आत राहतात. दुसऱ्या टप्प्यात भाषा-मॉडेल त्या शक्यतांच्या माळेतून अर्थपूर्ण शब्द आणि वाक्य निवडते. एखाद्याच्या बोलण्याची वर्षानुवर्षे सवय असलेला घरातला माणूस अर्धवट ऐकूनही पुढचे वाक्य ओळखतो, तशी ही निवड आहे. वाक्य पूर्ण झाले, की टी १५ यांच्या आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला कृत्रिम आवाज ते मोठ्याने वाचून दाखवतो.

मेंदूचे संकेत दिवसागणिक किंचित बदलतात. इलेक्ट्रोड सूक्ष्म अंतराने सरकतात, जवळच्या पेशी बदलतात, मनुष्य थकतो. पूर्वीच्या यंत्रणांना म्हणून रोज नव्याने सराव द्यावा लागे. येथे वापर सुरू असतानाच यंत्रणा स्वतःला जुळवून घेत राहिली. टी १५ डोळ्यांच्या हालचालीने पडद्यावरील बटण निवडून वाक्य बरोबर आहे की नाही ते सांगू शकत, आणि बरोबर ठरलेली वाक्ये पुढच्या शिकवणीची सामग्री होत. या क्षेत्रातील अनेक चांगली उपकरणे प्रयोगशाळेतून घरात पोहोचलीच नाहीत आणि रोजच्या जुळवणीचे ओझे हे त्याचे एक मोठे कारण होते. त्यामुळे वरवर किरकोळ वाटणारी ही सुधारणा मला या पहिल्या अहवालातील सर्वांत व्यवहार्य भाग वाटते.

पण या रचनेची किंमत वेळेत मोजावी लागते. भाषा-मॉडेलला संदर्भ हवा असतो आणि वाक्य पूर्ण झाल्याशिवाय संदर्भ पूर्ण होत नाही. बोलताना शब्द पडद्यावर येत राहतात, बदलत राहतात. आवाज मात्र वाक्य संपल्यानंतरच येतो. दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणाऱ्या २००९ मधील एका अभ्यासात असे दिसले होते, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचेच अंतर असते आणि भाषांभाषांत ते फारसे बदलत नाही. आपण समोरच्याचे वाक्य संपायच्या आतच आपले उत्तर तयार करत असतो. अशा प्रवाहात काही सेकंद उशिराने आलेले अचूक वाक्य हे पत्रोत्तरासारखे ठरते. मध्येच बोलणे, हुंकार देणे, विनोदाला त्याच क्षणी दाद देणे, कोणी चुकीचे बोलत असताना लगेच थांबवणे हे सगळे त्याच्या आवाक्याबाहेर राहते.

लेखी वाक्यापासून आवाजाकडे

दुसऱ्या टप्प्याच्या शोधनिबंधाच्या प्रथम लेखिका मैत्रेयी वैरागकर आहेत. या कामात स्वनिम, शब्द आणि भाषा-मॉडेल हे सारे मधले थांबे काढून टाकण्यात आले. न्यूरल नेटवर्क दर १० मिलिसेकंदांना मेंदूच्या संकेतांवरून आवाजाचे ध्वनिगुण, म्हणजे वर्णपटाचा आकार आणि स्वराची उंची, यांचा अंदाज करते आणि त्यांपासून लगेच ध्वनी तयार होतो. बोलण्याचा प्रयत्न आणि स्पीकरमधून येणारा आवाज यांत सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग एवढेच अंतर पडते.

या अंतराचे महत्त्व ऐकणाऱ्यापुरते नाही. बोलताना आपण स्वतःचा आवाज सतत ऐकत असतो आणि त्यावरून बोलणे सावरत असतो. निरोगी माणसाला त्याचाच आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिराने ऐकवला, की तो अडखळू लागतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून कृत्रिम आवाज वेळेत आला, तरच वापरणाऱ्याचा मेंदू त्याला आपला मानून त्यावर ताबा मिळवू शकतो. टी १५ यांनी हा आवाज ऐकून आनंद झाल्याचे आणि तो आपला खरा आवाज असल्यासारखे वाटल्याचे सांगितल्याची नोंद अहवालात आहे.

या कामातील खरी अडचण शिकवणीची होती आणि ती थोडी उलगडून सांगण्याजोगी आहे. कोणत्याही नेटवर्कला शिकवताना दोन गोष्टींची जोडी लागते: मेंदूतील संकेत आणि त्या क्षणी अपेक्षित असलेला ध्वनी. बोलू शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत मायक्रोफोन लावला की दुसरी गोष्ट मिळते. टी १५ यांच्या बाबतीत तीच उपलब्ध नव्हती. त्यांच्या घशातून निघणारा अस्पष्ट आवाज नमुना म्हणून निरुपयोगी होता. त्यांनी कोणते वाक्य म्हणण्याचा प्रयत्न केला हे माहीत होते, पण त्यातील कोणते अक्षर नेमके कोणत्या क्षणी म्हटले हे माहीत नव्हते, आणि दर १० मिलिसेकंदांना ध्वनी निर्माण करायचा तर नेमके तेच कळायला हवे. संशोधकांनी दिलेल्या वाक्याचा कृत्रिम ध्वनी आधी तयार केला. मग मेंदूच्या संकेतांतूनच अक्षरांच्या सीमा अंदाजाने शोधल्या आणि त्या सीमांना जुळेल असा तो ध्वनी ताणून-आवळून बसवला. म्हणजे जो आवाज कधी उमटलाच नाही, त्याचे वेळापत्रक मेंदूकडून घेऊन तो घडवण्यात आला. बोलूच न शकणाऱ्या माणसासाठी थेट आवाज निर्माण करण्याच्या मार्गात ही मोठी अडचण होती, आणि ज्यांच्यासाठी हे उपकरण बनवायचे ते सारे अशीच माणसे असतात. म्हणून हा तोडगा मला नेटवर्कच्या रचनेपेक्षाही अधिक दूरगामी वाटतो.

भाषा-मॉडेलचा मधला टप्पा निघून गेल्यामुळे शब्दसंग्रहाचे बंधनही गेले. टी १५ शब्दकोशात नसलेले बनावट शब्द म्हणू शकले, अक्षरे एकेक करून सांगू शकले, ‘हं’ किंवा ‘आ’ यांसारखे उद्गार काढू शकले. स्वराघातासाठी मेंदूतील संकेतांवरून आणखी एक ओळख जोडण्यात आली. एकच वाक्य विधान म्हणून म्हटले जात आहे की प्रश्न म्हणून, हे सुमारे ९० टक्के वेळा बरोबर ओळखले गेले. एकाच वाक्यात दर वेळी वेगळ्या शब्दावर दिलेला जोर सुमारे ९५ टक्के वेळा. तीन स्वरपातळ्यांच्या छोट्या धुनाही त्यांनी गायल्या. लेखी वाक्य वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेत चढउतार यंत्र ठरवते. येथे तो माणूस ठरवू लागला. ‘तू आलास’ आणि ‘तू आलास?’ यांतला फरक ज्याला करता येत नाही, त्याच्या तोंडी कितीही अचूक शब्द दिले, तरी त्याचे बोलणे अपुरेच राहते.

आकडे काय सांगतात

आता आकडे समोरासमोर ठेवले पाहिजेत, कारण उत्साहाच्या भरात ते झाकले जाऊ नयेत. थेट आवाजाची वाक्ये अनोळखी श्रोत्यांना ऐकवून सहा पर्यायांतून योग्य वाक्य निवडायला सांगितले, तेव्हा ते सुमारे ९४ टक्के वेळा बरोबर ठरले. पर्याय न देता जे ऐकले ते लिहायला सांगितले, तेव्हा मात्र सुमारे ५६ टक्केच शब्द बरोबर आले. टी १५ यांचे नैसर्गिक बोलणे ऐकून लिहिताना श्रोत्यांचे जेमतेम ४ टक्के शब्द बरोबर येत होते. म्हणजे उपकरणाने ४ वरून ५६ वर नेले, पण लेखी यंत्रणेच्या ९७.५ पासून ते अजून फार दूर आहे.

या दोन आकड्यांची सरळ तुलना मात्र अन्यायाची ठरेल. लेखी यंत्रणेच्या अचूकतेतील मोठा वाटा भाषा-मॉडेलचा आहे. मेंदूच्या संकेतांत जिथे संदिग्धता उरते, तिथे मॉडेल शक्यतेच्या बळावर भर घालते. थेट आवाजात असा आधार नाही. जे ऐकू येते ते सगळे मेंदूतूनच आलेले असते, चुकांसकट. पहिल्या पद्धतीत यंत्र चुकते, तेव्हा ते आत्मविश्वासाने सुसंगत पण भलतेच वाक्य देऊ शकते. दुसऱ्या पद्धतीत चूक अस्पष्ट उच्चाराच्या रूपात येते आणि ऐकणारा ‘काय म्हणालात?’ असे विचारू शकतो. करारावर सही करायची असेल किंवा डॉक्टरांना वेदनेची जागा सांगायची असेल, तर पहिली पद्धत हवी. मुलाच्या बडबडीत सामील व्हायचे असेल तर दुसरी. एकाच माणसाला दोन्ही लागतात, त्यामुळे या दोघींत विजेती ठरवण्याचा प्रयत्नच मला चुकीचा वाटतो.

भाषेचा मुद्दाही याला जोडून येतो आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. भाषा-मॉडेल घडवण्यासाठी अफाट लिखित मजकूर लागतो आणि आतापर्यंतचे बहुतेक काम इंग्रजीत झाले आहे. ज्या भाषांत एका शब्दाला प्रत्यय लागून पुष्कळ रूपे होतात किंवा ज्यांचा मजकूर संगणकावर थोडा आहे, त्या भाषांच्या भाषकाला पहिल्या पद्धतीचा आधार दुबळा मिळेल. थेट आवाजाची पद्धत ध्वनीवर चालते. तिला शब्दसंग्रह लागत नाही, म्हणून ती अशा भाषकांसाठी अधिक न्याय्य ठरू शकेल असे मला वाटते. प्रत्येक भाषेत ते करून पाहावे लागेल हे उघड आहे, पण संशोधनाच्या निधीचे वाटप करताना हा विचार आजच व्हायला हवा.

विलंब कमी करण्याची दिशा केवळ एका गटाची नाही. मार्च २०२५ मध्ये बर्कले आणि सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी, मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या २५३ इलेक्ट्रोडांच्या संचाद्वारे, आघातानंतर वाचा गेलेल्या एका महिलेसाठी ८० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी सलग आवाज निर्माण करून दाखवला. त्यांच्याच आधीच्या यंत्रणेत एका वाक्यासाठी सुमारे ८ सेकंद लागत होते. तेथे आजार, इलेक्ट्रोडांचा प्रकार आणि रुग्ण हे तिन्ही वेगळे आहेत, आणि तरी गरज तीच ओळखली गेली.

घरातला वापर

समीक्षणापूर्वी प्रसिद्ध केलेल्या २०२५ मधील आणखी एका अहवालात या उपकरणाच्या जवळपास दोन वर्षांच्या घरगुती वापराचा तपशील आहे. टी १५ यांनी संशोधक समोर नसताना, जवळजवळ रोज, एकूण ३,८०० तासांहून अधिक काळ लेखी यंत्रणा वापरली. १ लाख ८३ हजारांच्या आसपास वाक्ये आणि सुमारे १९ लाख ६० हजार शब्द त्यांनी तिच्याद्वारे मांडले. वेग मिनिटाला सरासरी ५६ शब्दांपर्यंत वाढला आणि स्वतःच्या वाक्यांपैकी ९२ टक्के वाक्ये बव्हंशी बरोबर असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. त्याच इलेक्ट्रोडांवरून पडद्यावरील कर्सरही हलवता आला, त्यामुळे ईमेल, संदेश आणि इंटरनेट त्यांना खुले झाले आणि ते पूर्णवेळ नोकरी करत राहिले. प्रयोगशाळेतील अर्ध्या तासाच्या यशापेक्षा ही मोठी कसोटी आहे. एखादे उपकरण थकलेल्या संध्याकाळी, कुटुंबाच्या गडबडीत, रोजच्या रोज हाती घेतले जाते तेव्हाच ते उपयोगाचे असल्याचे सिद्ध होते, आणि १९ लाख शब्द हा त्याचा मला पटणारा पुरावा आहे.

उरलेल्या अडचणी

हा एका व्यक्तीचा अनुभव आहे आणि त्यावरून सर्वांसाठी अनुमान काढता येत नाही. टी १५ यांच्या चेहऱ्याची आणि स्वरयंत्राची थोडीफार हालचाल शिल्लक होती. पूर्णपणे हालचाल बंद झालेल्या रुग्णांत संकेत इतकेच स्पष्ट राहतील का, याचे उत्तर अधिक रुग्णांतूनच मिळेल. आवाज न काढता केवळ तोंड हलवण्याच्या प्रयत्नावरही थेट आवाजाची चाचणी घेण्यात आली आणि ती चालली, ही बाब आशादायक आहे. कारण घशातून आवाज काढण्याचे श्रम एएलएसच्या रुग्णाला थकवून टाकतात.

कवटीतून बाहेर येणारी जोडणी ही सर्वांत उघड मर्यादा आहे. त्वचेचे छिद्र कायम उघडे राहते, तिथे जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि केबल जोडायला दुसऱ्या माणसाची मदत लागते. संपूर्णपणे त्वचेखाली राहणारी, बिनतारी यंत्रणा हा यावरचा उपाय आहे आणि अनेक गट त्यावर काम करत आहेत. पण शेकडो इलेक्ट्रोडांची माहिती बिनतारी पाठवताना मेंदूजवळ उष्णता वाढू न देणे आणि बॅटरी टिकवणे ही अवघड कामे आहेत. शिवाय मेंदूच्या ऊती सुयांभोवती व्रणपटल तयार करतात आणि वर्षांनुवर्षांत काही इलेक्ट्रोड मंदावतात.

खाजगीपणाचा प्रश्नही आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ‘सेल’मध्ये चार सहभागींवरील अभ्यास मांडला. त्यात प्रत्यक्ष बोलण्याचा प्रयत्न न करता मनातल्या मनात म्हटलेली वाक्येही १,२५,००० शब्दांच्या संग्रहातून, सर्वोत्तम स्थितीत, ७४ टक्क्यांपर्यंत ओळखता आली. ज्यांना बोलण्याचा प्रयत्न दमवतो त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, पण न बोललेले वाक्य पडद्यावर यावे अशी कोणाचीच इच्छा नसते. त्याच अभ्यासात मनातले बोलणे दुर्लक्षित करायला यंत्रणेला शिकवून पाहिले गेले; तसेच मनात ठरावीक परवलीचे शब्द म्हटल्यावरच यंत्रणा सुरू होईल अशी सोय ९८ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर चालली. असे कुलूप मूळ रचनेतच असावे आणि त्याची किल्ली रुग्णाकडेच राहावी, हे माझ्या मते कोणत्याही मान्यतेची पूर्वअट असायला हवे.

चाचण्या संपतात, निधी आटतो, कंपन्या बंद होतात. रोपण मात्र डोक्यात राहते. दृष्टिपटलावर बसवण्याच्या ‘आर्गस २’ या उपकरणाच्या बाबतीत हेच घडले होते. त्याच्या उत्पादकाने २०१९ मध्ये ते बंद केले आणि जगभरातील साडेतीनशेहून अधिक रुग्ण दुरुस्ती व सुट्या भागांवाचून राहिले. वाचेच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे, कारण ज्या माणसाने कामाचे ईमेल आणि कुटुंबाशी बोलणे या एका वाटेवर सोपवले आहे, त्याच्याकडून ती काढून घेणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मुके करणे होय. म्हणून पुढच्या चाचण्यांच्या आराखड्यात शब्दांच्या अचूकतेबरोबर आणखी दोन गोष्टी आधीच लिहून ठेवल्या जाव्यात. एक, प्रत्यक्ष संभाषणात सहभागीला किती वेळा आपली पाळी वेळेवर साधता आली याचे मोजमाप. दुसरी, चाचणी संपल्यानंतर उपकरणाची देखभाल, सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण आणि गरज पडल्यास सुरक्षित काढणी यांचा खर्च आणि जबाबदारी कोणाची, याची संमतीपत्रावरच स्पष्ट नोंद.